सोनबाच्या बापाच्या शोधात

आमच्या घरी पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबांचा नागपुरात छोटा छापखाना आहे. मोर्चा कोणाचाही असो, पत्रक आमच्याकडे छापून जायचं आणि उरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. त्यामुळे दोन सवयी लहानपणीच लागल्या. वाक्य लिहिलं की शेवटी उद्गारचिन्ह, आणि कोणी कोणाचं नाव नाकारलं की अंगाचा भडका.

हिवाळ्यात भिलाईहून विजयकाकांचा फोन आला तेव्हा दोन्ही सवयी एकदम जाग्या झाल्या. विजयकाका बाबांचे आतेभाऊ. म्हणाले, "आई विहारातल्या मीटिंगमधून उठून आली. आता कोनाशी बोलून नाही राहिली. तू ये एकदा."

भांडण एका दगडावरून होतं. नागपूर-भंडाऱ्याकडून रेल्वेची लाइन टाकायला जी माणसं इंग्रजांच्या काळात दुर्गपर्यंत आली आणि इकडेच राहिली, त्यांची नावं विहाराच्या भिंतीवर ग्रॅनाइटमध्ये कोरायची असं तिथल्या समितीने ठरवलं. माणसाचं नाव, मग बापाचं नाव. आमचा त्यातला माणूस म्हणजे सोनबा, माझे खापरपणजोबा. आई लाइनच्या कामावर इकडे आली, मग इथेच त्यांचा जन्म झाला. आईचं नाव सगुणा. बापाचं नाव कोणालाच माहीत नाही. समितीचे सचिव रामटेके म्हणाले, "बापाचं नाव आणा, तोवर सोनबाचं थांबवू."

नुसतं माहीत नसतं तर एवढं झोंबलं नसतं. आमच्या नात्यात एक कुजबुज पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सोनबा म्हणे मनराखन नावाच्या एका छत्तीसगढी शेतकऱ्याचा. पुरावा काय, तर मनराखन मेला तेव्हा सोनबाने डोकं भादरलं आणि तळ्यात उभं राहून त्याला पाणी दिलं. आमच्या माणसांच्या लेखी तेव्हा डोकं भादरायचं ते बापासाठी. विषय संपला.

मी गाडीत बसले तेव्हा माझ्याही मनात विषय संपलेलाच होता. एकीकडे जमीनवाला शेतकरी, दुसरीकडे परमुलखात आलेली मजूर बाई. असल्या गोष्टीत काय घडलं असेल ते मला वेगळं सांगायची गरज वाटत नव्हती. ते उघड करायचं आणि छापायचं, एवढंच बाकी होतं.

भिलाई

विजयकाकांचा मुलगा नितीन स्टेशनवर मोटारसायकल घेऊन आला होता. हथखोजच्या एका कारखान्यात तो लेथवर काम करतो. मराठी फक्त आजीशी बोलतो, तीही अर्ध्यात सोडून.

"दीदी, सामान बस इतनाच? मले वाटलं किताबों की पेटी आएगी."

भिलाई न पाहिलेल्यांसाठी सांगते. सेक्टरांमधले रस्ते इतके रुंद आणि सावलीचे आहेत की नागपूरच्या माणसाला आपण चुकून कोण्या साहेबाच्या बंगल्याकडे आलो असं वाटतं. क्वार्टर मात्र साधी. प्रत्येकापुढे पपई, शेवगा, वाफ्यात पालक. नागपुरात वस्तीचं नाव सांगितलं की जात कळते. इथे घर पोलाद कारखान्यातल्या नोकरीच्या दर्जाप्रमाणे मिळत गेलं, त्यामुळे आजीच्या एका बाजूला तेलुगू कुटुंब आहे, दुसऱ्या बाजूला ओडिया आणि समोर बंगाली. चिमण्यांचा धूर कुठूनही दिसतो, पण त्याच्याकडे पाहतं कोण! फक्त दोरीवरचे कपडे आत नेताना बाया ते दोनदा झटकतात.

विजयकाकांची आई, पारबताआजी, ओट्यावर सांबार निवडत बसली होती. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो आणि भिलाईत इतकी वर्षं काढूनही आजी तेच म्हणते. ही माझ्या आजोबांची बहीण, सोनबाची सख्खी नात. ऐंशीच्या घरात आहे, पाठ ताठ.

"आली का वं? बापानं पाठवली का सोताहून आली?"

"स्वतःहून."

"मंग बस. बापानं पाठवली असती तं चहा पाजून वापस केली असती."

सांबारवड्या तळून झाल्या, खाऊन झाल्या, तेव्हा ती मुद्द्यावर आली. "रामटेक्याले मी सांगून आली. लागन तं पुरं नाव लागन. अर्धं नको मले."

मी तयारीतच होते. म्हटलं, "आजी, बापाच्या नावाचा एवढा सोस कशाला? आईचं लावू. सोनबा सगुणा. परमुलखात पोर जन्माला घातलेली बाई! दगडावर तिचाच हक्क आहे!"

"सगुनाचं तं लावाचंच हाय. मी कावून नाही म्हनीन?" आजीने ताटली सरकवली. "पन बाप मालूम नाही म्हनून आई लावली, असं नाही पायजे मले. आधी मालूम कर. मंग तुले लावाचं ते लाव. भाषन नंतर दे."

नितीन तोंड फिरवून हसला.

"आणि मनराखनच बाप निघाला तर?"

"तं त्याचं लावीन. चोरी हाय का?" आजीने हात पुसले. "माह्या लग्नात पंगत बसली होती. नवऱ्याच्या मावशीनं सगळ्यायसमोर विचारलं, पोरीच्या आजाचा बाप कोन? माहा बाप खाली मान घालून बसला. थो कोनापुढं मान घालनारा नव्हता. तवापासून लोकं विचारून राहिले आन् मी आयकून राहिली. मले जवाब पायजे, पोरी. चांगला का वाईट, ते मी पाहीन."

मी वही मिटली. गाडीत मनाशी केलेल्या परिच्छेदात आजीला जागाच नव्हती, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

तिला आठवत होतं ते थोडं होतं. सोनबा म्हातारपणीही वर्षातून एकदा, धान कापून झालं की, उतई नावाच्या कसब्याच्या पुढच्या एका गावाला पायी जायचे. सोबत त्या घरच्या बाईसाठी नवं लुगडं. आजी तेव्हा लहान. तिला कधी नेलं नाही. गावाचं नाव तिने ऐकलं असेल, पण राहिलं नाही. राहिलं ते फक्त मनराखन, कारण लोकांनी ते विसरू दिलं नाही.

दुर्ग

एक सकाळ मी दुर्गच्या कचेऱ्यांमध्ये घालवली. माणसं मदतीची होती, पण जे नाही ते कुठून देणार? जमिनीचे जुने कागद जमिनीवाल्यांचे असतात. टोपल्यांनी माती वाहणाऱ्यांची नावं मुकादमाच्या तोंडात असायची आणि मुकादम कधीच मेले. मला राग आला, तो नेहमीचाच, त्यामुळे भूकही लागली.

जुन्या बाजारात एका गाडीवर पोहे घेतले. इथे पोह्यांसोबत जिलबी देतात, त्याच कागदावर, एकमेकांना चिकटून. मी सवयीने पोह्यांवर ओतायला तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, मागितली.

"तर्री?" गाडीवाल्याने झारा वरच धरला. "मैडम, आपको पोहा खाना है कि सब्जी?"

नागपूरची बाजू मी जोरात मांडली. त्याने ऐकून घेतली आणि आणखी एक जिलबी ठेवली. "इसके पैसे नहीं लगेंगे. आप गुस्से में हैं."

उतईच्या पुढे

दुसऱ्या दिवशी नितीनने सुट्टी काढली. उतई मागे पडली की कारखाना पार विसरायला होतो. धान कापलेली शेतं, त्यांच्या उंच बांधांवर बाभळी, आणि ओल्या मातीत धानामागून उगवलेला तिवरा. मी उतरून पान चोळून पाहिलं. ही तर आपली लाखोळी! भंडाऱ्याकडे आपण तिची डाळ खातो, इथे कोवळा पाला खुडून भाजीही करतात. सगुणा इथे उतरली असेल तेव्हा निदान ही एक वस्तू तिच्या ओळखीची असेल, असं वाटलं.

पहिल्याच गावात चहावाल्याने मनराखनचं घर दाखवलं. आम्ही हरखलो. घरातल्या काकांना नितीनने सांगितलं, आमचे पूर्वज तुमच्या मनराखनकडे यायचे. काकांनी खाट टाकली, भाऊबंद बोलावले, आतून गरम चीला आला, तांदळाच्या पिठाचा, सोबत भाजलेल्या टमाटरची चटणी. मी वही उघडून थेट विचारलं, "मनराखन वारले तेव्हा डोकं कोणी कोणी भादरलं?"

इतक्यात म्हशीला पाणी दाखवून एक पस्तिशीचा गडी हात पुसत आत आला. प्रश्न त्याने दारातच ऐकला होता.

"कोन मर गे? मनराखन तो मैं हरँव!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. काकू पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. जिवंत मनराखन माझ्यासमोर बसला, त्याने माझ्या ताटलीतला उरलेला चीला मलाच वाढला आणि म्हणाला, "दीदी, मोर मूँड़ कोन मुँड़ाही, तहूँ लिख ले." म्हणजे माझ्या वेळी कोण भादरणार तेही लिहून घे. नितीन परतीच्या वाटेभर मला त्यावरून छळणार होता.

पण त्या जिवंत मनराखननेच वाट दाखवली. त्याच्या आजीच्या माहेरी, दोन तळी असलेल्या गावात, जुन्या मनराखनचं घर होतं आणि त्या घरी रेल्वेच्या लोकांपैकी कोणी तरी यायचं, असं आजी सांगायची. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तसं मला कोणी सांगितलेलं नाही, पण त्या घराने मला जे दिलं त्यावर आणखी वही-पेनवाले त्यांच्या दारात नकोत.

दोन तळ्यांचं गाव

दारात आधी लोटाभर पाणी आलं, पाय धुवायला. आपल्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात, इथे आधी पाय आणि मग बोलणं. भिंती पांढऱ्या मातीने पोतारलेल्या, अंगणात तणसाची गंजी. बिसाहू बबा उन्हात खाटेवर बसले होते. वयाने पारबताआजीएवढे. जुना मनराखन त्यांचा पणजोबा.

सोनबाचं नाव काढताच ते उभे राहिले आणि आत ओरडून म्हणाले, "अवो बहू, सोनबा बबा घर के सगा आय हें!" बबा म्हणजे आजोबा, सगा म्हणजे सोयरे. लहानपणी त्यांनी सोनबाला पाहिलेलं होतं. सोनबा यायचे तेव्हा कमरेच्या कनवटीत पोरांसाठी फुटाणे असायचे.

मी आधीच सांगून टाकलं, आम्ही बौद्ध आहोत, पूर्वीचे महार. मला नंतर कुठलीही अडचण नको होती. बबांनी मान हलवली. "जानथन." माहीत आहे.

मग मी नितीनला म्हटलं, "विचार. मनराखन हेच सोनबाचे वडील होते का?"

"दीदी, ऐसे कैसे पूछूँ? बुजुर्ग हैं."

"जसं मी विचारलं तसंच विचार."

त्याने खाली बघत विचारलं. बिसाहू बबा हसू लागले, ठसका लागेपर्यंत. सुनेने पाणी आणलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "मितान के घरवाली संग? अइसन घलो होथे कहूँ?" असंही कुठे असतं का?

मितान म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. छत्तीसगढात दोन माणसं मैत्री बांधतात, लग्न बांधावं तशी. चार लोकांसमोर, तळ्याकाठी किंवा देवळापुढे, एकमेकांच्या तोंडात प्रसाद घालतात. मरेपर्यंत ती एकमेकांचे मितान. कोणी महापरसादही म्हणतात. मितानाचे आईबाप ते आपले आईबाप, त्याची पोरं ती आपली पोरं. पोराने आपल्या बापाच्या मितानाला फूलददा म्हणायचं आणि तो मेला तर सख्ख्या बापासारखं डोकं भादरायचं, पाणी द्यायचं. मितानाच्या बायकोकडे वाकडी नजर म्हणजे या लोकांत पापाची हद्द. या नात्याला घराणं नसतं, जात नसते, निदान असं म्हणतात.

आमच्या माणसांनी भादरलेलं डोकं पाहिलं आणि आपल्या घरच्या रीतीने त्याचा अर्थ लावला. सोनबाने सांगितलंही असेल, पण नाव नसलेला बाप कोणी ऐकून घेतला नसेल. त्या अर्थावर आजीच्या लग्नाची पंगत बसली होती.

बबांनी सांगितलेली हकीकत अशी. लाइनसाठी साल वृक्षाच्या लाकडाचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या तुळया, कापत. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एक आरेवाला वर उभा, एक खाली खड्ड्यात, आणि लांब आरा, म्हणजे करवत, दोघांनी ओढायचा. जोडी जमली नाही तर आरा अडकतो, जमली तर दिवसभर बोलावं लागत नाही. शेतीचं काम नसे तेव्हा मनराखन वर उभा राहायचा. खाली सगुणाचा नवरा. ओंडक्यामागून ओंडके कापता कापता ते मितान झाले. मग कॅम्पात हैजा, म्हणजे पटकी, आला आणि खालचा माणूस गेला. सगुणा तेव्हा पोटुशी होती. मनराखनने तिला घरामागे झोपडी बांधून दिली. पोर चालायला लागलं तोवर ती जगली.

"मग सोनबा या घरात वाढले?" मी विचारलं. "घरात की बाहेर? जेवायला कुठे बसवत होते?"

नितीनने माझ्याकडे रागाने पाहिलं, पण विचारलं.

बबांनी उत्तर चुकवलं नाही. "अंगना म." अंगणात. सोनबाची थाळी वेगळी होती, बाहेरच्या भिंतीला खुंटीवर टांगलेली. महार मितान केला म्हणून गावाने मनराखनला दंडाची पंगत घालायला लावली. त्याने घातली. मितान सोडला नाही. थाळी आतही आणली नाही. बबांनी दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या आणि मी दोन्ही लिहून घेतल्या.

तरी माझं समाधान झालं नव्हतं. रीत असते, तशी रीत मोडणारीही माणसं असतात, असं मी म्हणाले. बबा म्हणाले, चल. काठी घेऊन ते आम्हाला मोठ्या तळ्याच्या घाटावर घेऊन गेले. पितरपाखात याच पायरीवर उभं राहून या घरचा कर्ता आपल्या मेलेल्यांना ओंजळीने पाणी देतो. बापाला, आज्याला, पणज्याला. आणि शेवटची ओंजळ महापरसादला. मनराखनने सुरू केलं, मग त्याच्या मुलाने, नातवाने, आता बबा देतात.

मी पायरीवर बसले. एखाद्याने दुसऱ्याच्या बायकोशी तसं काही केलं असतं आणि पोर आपलं असतं, तर तिच्या मेलेल्या नवऱ्याला दरवर्षी पाणी द्यायला त्याने आपली पोरं, नातवंडं लावून ठेवली असती का? लपवणारा माणूस मेलेल्याची आठवण अशी पाळत नाही. सोनबाचा बाप खड्ड्यात उभा राहून आरा ओढणारा तो माणूस होता. माझा तयार परिच्छेद त्या तळ्यात गेला आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

"नाव काय त्यांचं?" मी पेन सरसावलं.

बबांनी काठी पायरीवर टेकवली. मितानाचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. बांधलेल्या दिवसापासून मरेपर्यंत, आणि मेल्यावरही. मनराखनने ते घेतलं नाही. म्हणून त्याच्या मुलाला माहीत नव्हतं, नातवाला नव्हतं, बबांना नाही.

"पण सोनबाने विचारलं असेल ना!"

विचारलं होतं. लग्न ठरलं तेव्हा. मनराखनने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. म्हणाला, कॅम्पातल्या कोणालाही विचार. कॅम्प तर लाइनसोबत केव्हाच रायपूरच्या पुढे निघून गेला होता. "ओकर जीभ नइ उठिस," बबा म्हणाले. त्याची जीभ उचललीच नाही.

मग मात्र मी भडकले. आमच्या लोकांची नावं सरकारने लिहिली नाहीत, मुकादमाने गाळली, ते मला समजतं. त्याच्याशी भांडायला मी शिकलेले आहे. पण ज्याने जीव लावला त्यानेही नाव गिळावं? पोर समोर उभं राहून बाप मागतंय आणि तुमची रीत आड येते? असली कसली माया! घाटावरच्या धुणाऱ्या बायांचे हात थांबले. नितीनने यातल्या एका शब्दाचंही भाषांतर केलं नाही. करावं लागलं नाही. बबांना सूर पोचला होता.

"नाव धरतिस, त मितान नइ रहितिस," ते म्हणाले. नाव घेतलं असतं, तर मितान उरला नसता. आणि काठी उचलता उचलता, "गलत करिस होही." चुकलाही असेल.

मी तेही वहीत उतरवलं आणि त्यांच्यामागे घराकडे निघाले.

सुनेने आत, चुलीशेजारी पानं मांडली होती. भात, तिवऱ्याची भाजी, आणि कढीतले इड़हर, म्हणजे अळूच्या पानात उडदाची डाळ वाटून गुंडाळलेली वडी. आपल्या पातोड्यांच्या जवळची, पण आंबट. ती वाढत होती आणि नितीनला म्हणत होती, "तुँहर दीदी लड़थे बढ़िया, खाथे कम."

पुन्हा भिलाई

आजीने सगळं ऐकून घेतलं. मनराखन, आरा, हैजा, थाळी, तळं. नाव नाही हेही. मी शेवटपर्यंत आले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "पानी अजून देते?"

"हो."

"दरसाल?"

"हो, आजी."

"आमी तं बंद केलं ते, धम्मात आल्यावर."

"बरोबरच केलं."

"बरोबरच केलं," ती म्हणाली. "पन त्यायनं देलं." आणि पदर डोळ्यांना लावून उठली, ती विहारात जायच्या तयारीला.

संध्याकाळी समिती बसली होती. सचिव रामटेके भाऊ रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे, वाईट अजिबात नव्हेत. मी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "म्हंजे बापाचं नाव भेटलं नाहीच."

आजीने मला खूण केली. मी कागद पुढे केला. आम्ही दोघींनी मिळून ओळ लिहिली होती. भाऊंनी वाचली आणि चष्मा काढला. "महापरसाद? हे मंदिराचं हाय. विहाराच्या भितीवर नाही चालनार."

"भाऊ, यात मी तुमच्या बाजूने आहे," मी म्हणाले. बावीस प्रतिज्ञा मी पाठ केलेल्या नाहीत, मी त्यांत वाढले आहे.

आजीने माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्धी झाले. "दोघं मिळून खोडा तो शब्द. मितान लिवा. थ्ये तं कोन्या मंदिराचं नाही ना?"

भाऊंनी खोडलं, लिहिलं. पण कागद ठेवला नाही. "पारबताबाई, एक विचारतो. राग नका मानू. ज्यानं आपल्या पोराची थाली बाहेर टांगली, त्याचं नाव आपल्या दगडावर कावून?"

हा प्रश्न मला आवडला. मी म्हणाले, थाळीचं मी छापणार आहे, जसं सांगितलं तसं, काही न गाळता.

"थाली बाहेर होती, ते खरं हाय," आजी म्हणाली. "सोनबा त्याच थालीत जेवून जगला, ते बी खरं हाय. तुमाले दोनातलं एकच कावून पायजे? मी तं दोन्ही घेऊन बसली."

आजीने भाऊंच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. म्हणाली, "वाचा आता. मोठ्यानं. मांगच्यायले आयकू गेलं पायजे."

रामटेके भाऊ उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचलं, "सोनबा. आई सगुणा. वडील, रेल्वेचे आरेवाले, मनराखन यांचे मितान."

मागून एका तरुण पोराने विचारलं, "लेकिन आजी, वडिलांचं नाव काय?"

आजी वळली. इतकी वर्षं ऐकलेला प्रश्न होता. यावेळी तिने मान वर ठेवून उत्तर दिलं.

"नाव त्याचा मितान सोबत घेऊन गेला, बेटा. बाकीचा बाप पुरा हाय इथं."

रामटेके भाऊंनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि दगडवाल्याला फोन लावला.